दैत्यसूदनाचा मंडप फोटोंच्या तुकड्यांतून: आतली जागा कागदावर कशी आणावी?

पैनगंगाकाठ

मंडळी, लोणारचं दैत्यसूदन मंदिर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. नेटवर त्याचे फोटो शोधले की जवळजवळ सगळे बाहेरचेच निघतात: ताऱ्यासारख्या कोन-कोनांच्या भिंती आणि त्यांवरच्या शिल्पांच्या ओळी. माणसं सरोवर बघायला येतात, २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हापासून तर जास्तच. मंदिराला बाहेरून एक चक्कर मारतात, फोटो काढतात आणि गाडीत बसतात. मंडपात थांबणारं माणूस क्वचितच दिसतं.

आत शिरलं की उन्हातून आलेल्या डोळ्यांना आधी काहीच दिसत नाही. हळूहळू खांब दिसायला लागतात. मान वर केली की छतातले विष्णू-कृष्णाच्या कथांचे शिल्पपट एकेक करून अंधारातून वर येतात. मग समोर गाभारा, आणि लवणासुराला पायाखाली घेऊन उभा असलेला विष्णू. हे सगळं एकदम दिसत नाही, क्रमाने दिसतं. तो क्रमच मला त्या जागेचा खरा अनुभव वाटतो, आणि एका फोटोत नेमका तोच हरवतो. वाइड लेन्स लावली तर कडेचे खांब बाहेर झुकतात आणि गाभारा ठिपक्याएवढा होतो. मोबाइलचा पॅनोरामा घेतला तर सरळ तुळया धनुष्यासारख्या वाकतात.

म्हणून मी तुकड्यांचं काम करायला घेतलंय. मी मेहकर तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. आठवी-नववीच्या मुलांना सोबत घेऊन मंडपाचे लहान लहान फोटो काढायचे, ४×६ इंचाचे प्रिंट करायचे आणि ते जोडून चार फूट बाय तीन फुटांचं एक मोठं चित्र करून गावच्या वाचनालयात लावायचं, असं ठरवलंय.

ही पद्धत जगात माहीत झाली ती मुख्यतः डेव्हिड हॉकनी या इंग्लिश चित्रकारामुळे. १९८२ मध्ये त्याने पोलरॉइड (काढताक्षणी कॅमेऱ्यातूनच छापून निघणारे) फोटो चौकटीत ओळीने लावून पहिली अशी चित्रं केली. पोलरॉइडची पांढरी किनार कापता येत नाही, त्यामुळे त्या चित्रांत जाळी दिसते. नंतर तो साध्या कॅमेऱ्याचे, दुकानातून धुऊन आणलेले फोटो एकमेकांवर चढवून चिकटवायला लागला. १९८३ मध्ये क्योटोच्या र्‍योआन-जी मंदिरातल्या दगडांच्या बागेचं चित्र त्याने बागेच्या कडेने चालत, जागा बदलत फोटो काढून केलं. त्यामुळे ती आयताकृती बाग चित्रातही आयत राहिली, लांब जाताना निमुळती झाली नाही. मला मंडपात हेच हवंय: मागचे खांब मागे आहेत म्हणून बारीक होऊ नयेत.

तीन गोष्टींवर तुमचं मत हवंय. अंधारात सगळे फोटो एका उजेडाचे कसे ठेवावेत? प्रिंट कुठे आणि कसे करावेत? आणि चिकटवताना सुरुवात कुठून करावी?

धुऱ्यावरचा

ताई, लय चांगलं काम हाती घेतलं. मी लोणार तालुक्यातलाच, लहानपणापासून त्या मंडपात जाऊन राहिलो. एक सांगतो, सकाळी आणि दुपारी आतला उजेड सारखा नसते. दारातून जे ऊन जमिनीवर पडते ते सरकते, आणि जमिनीवरून उडालेला उजेडच छताले लागते. म्हणून वरचं कोरीव काम कधी खोल दिसते, कधी सपाट. तुमी एक दिवस फोटो न काढता नुसतं बसून पाहा, कोणत्या वेळेले काय उजळते ते लिहून घ्या. मुलायले पण तेच करायले लावा.

स्टुडिओ_कारंजा

पैनगंगाकाठ ताई, माझा फोटोचा धंदा आहे, म्हणून तांत्रिक भाग मी घेतो.

मोबाइल असेल तर ऑटोवर अजिबात सोडू नका. ऑटोमध्ये दार चौकटीत आलं की फोन सगळं काळं करतो आणि कोपरा आला की सगळं पांढरं. प्रो मोड असेल तर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) तिन्ही हाताने ठरवून टाका. प्रो मोड नसेल तर स्क्रीनवर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनांत फोकस आणि एक्सपोजर लॉक होतं. एचडीआर (उजेड-सावली आपोआप सारखी करणारी सोय) बंद, नाइट मोड बंद. नाइट मोड अनेक फ्रेम एकत्र करून सावल्या स्वतःच उजळतो, त्यामुळे शेजारचे दोन तुकडे दोन वेगळ्या देवळांतले वाटतात.

अल्ट्रावाइड लेन्स वापरूच नका, फोनमध्ये दोनपट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती घ्या. तुकड्यांचं चित्र मोठं करायचं ते तुकडे वाढवून. फ्लॅश नकोच, दगडाचा सगळा खोलपणा मरतो.

आता एक गोष्ट जी पुष्कळांच्या लक्षात येत नाही. फोनचा फोटो ४:३ चा असतो आणि ४×६ चा कागद ३:२ चा. कागद भरायचा म्हणून मशीन वरून-खालून मिळून उंचीचा नववा भाग कापतं. म्हणजे तुम्ही जो सांधा धरून फोटो काढला तोच नेमका कापला जातो. एक तर कॅमेऱ्यातच ३:२ ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोत वर-खाली थोडी जागा जास्तीची घ्या.

आणि लॅबला फाइल देताना ठासून सांगा, ऑटो करेक्शन बंद ठेवा. नाहीतर मशीन प्रत्येक फोटोचा रंग आपल्या मनाने सुधारतं आणि तुमची सगळी मेहनत वाया जाते. सगळे प्रिंट एकाच दिवशी, एकाच मशीनवर, एकाच कागदावर. कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर वाचनालयातली ट्यूबलाइट चमकेल.

वर्धाकाठची_रेणू

खूप आवडला विषय. किती प्रिंट लागतील याचा हिशेब मांडून बघितला. ४×६ चे आडवे प्रिंट एक तृतीयांश एकमेकांवर चढवले तर प्रत्येकाचा दिसणारा भाग साधारण ४ बाय २.७ इंच उरतो. चार बाय तीन फुटांत म्हणजे एका ओळीत १२ प्रिंट आणि अशा १३-१४ ओळी, दीडशेच्या वर प्रिंट. न चढवता नुसते शेजारी शेजारी लावले तर ७२ पुरतात. खर्चात दुपटीहून जास्त फरक पडतो, म्हणून हे आधी ठरवा.

माझं मत चढवून लावण्याच्या बाजूने. चौकटीची जाळी बाहेरच्या भिंतीला शोभेल, आतल्या गोल फिरणाऱ्या नजरेला नाही.

नाना_देऊळगाव

मी या संस्थळावर कमी लिहितो, पण हा धागा वाचून राहवलं नाही. बाई, तुमचा हेतू चांगला आहे यात शंका नाही. पण देवाच्या मूर्तीचे तुकडे करून ते जोडणार का? एका फोटोत मुकुट, दुसऱ्यात खांदा, तिसऱ्यात पाय, आणि मधे सांधा. आपल्याकडे खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत. वाचनालयात ते चित्र लागलं की येणारा-जाणारा हात जोडणारच, तो कुणी थांबवू शकत नाही. मग तो भंगलेल्या रूपाला हात जोडेल. खांबांचे, छताचे हवे तितके तुकडे करा. पण गाभाऱ्याचा विचार करा.

बोरुवाला

नाना, आदर ठेवून थोडं वेगळं मांडतो. ही कला आहे, पूजा नाही. पाहणाऱ्याला कळतं की हा कागद आहे. शिवाय त्या मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर काळाने झिजलेली, हात-नाक गेलेली शिल्पं आहेतच की. त्यांच्याकडे बघून कुणाची श्रद्धा कमी होत नाही. गाभारा वेगळ्या पद्धतीने केला तर चित्राचा नियमच मोडेल.

नाना_देऊळगाव

झिजणं आणि कापणं यात फरक आहे, बोरुवाला. काळाने झिजवलेलं आपण सांभाळतो. स्वतःच्या हाताने कापलेलं सांभाळत नाही.

पैनगंगाकाठ

नाना, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मी हा मुद्दा शाळेतल्या मुलांसमोरही ठेवला, आणि त्यांच्यातही दोन बाजू पडल्या.

मला या बाबतीत राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याची मनोरथ चित्रं आठवतात, म्हणजे यजमानाने देवाची खास सेवा केली की तिची आठवण म्हणून काढलेली चित्रं. फोटोग्राफी आली तेव्हा तिथल्या चित्रकारांनी श्रीनाथजी आणि देऊळ हातानेच रंगवलं, आणि दर्शनाला आलेल्या यजमान कुटुंबाचे चेहरे मात्र फोटोतून कापून त्या चित्रात चिकटवले, वर रंगही चढवला. म्हणजे देवळाच्या आतलं फोटो-कोलाज आपल्या देशात हॉकनीच्या कितीतरी आधी झालं. आणि त्यात कात्री माणसांच्या फोटोला लागली, देवाला नाही. भक्त तुकड्यांतून येतो, देव अखंड असतो. त्या चित्रकारांनी हे नियम म्हणून लिहून ठेवलं असेल-नसेल, पण चित्रात ते स्पष्ट दिसतं.

म्हणून माझा निर्णय असा: मूर्ती एकाच प्रिंटमध्ये, पूर्ण, मस्तकापासून पायाखालच्या लवणासुरापर्यंत. तिच्यावर दुसऱ्या कुठल्याही फोटोची कड चढणार नाही. तो प्रिंट सर्वांत वर चिकटेल. भोवतीचं सगळं, म्हणजे चौकट, उंबरा, खांब, छत, जमीन, तुकड्यांत.

बोरुवाला दादा, यात नियम मोडतो असं मला वाटत नाही, उलट चित्राला केंद्र मिळतं. आत शिरल्यावर माझी नजर खांबावरून छतावर, छतावरून जमिनीवर भटकते, आणि मूर्तीवर येऊन थांबते. जिथे नजर थांबते तिथे फोटोही एकच असावा, हे चित्राच्या दृष्टीनेही बरोबर आहे.

बोरुवाला

हे पटलं. नजर थांबते तिथे एकच फोटो, ही बाजू माझ्या डोक्यात आली नव्हती. मग एक सुचवतो. मूर्तीपासून जितकं लांब जाल तितके तुकडे सैल ठेवा. गाभाऱ्याच्या चौकटीपाशी सांधे घट्ट जुळलेले, आणि मंडपाच्या कडांना जरा तिरके, एकच खांब दोनदा आलेला, असं. बाहेरची कडही चौकोनात कापू नका, प्रिंट जसे संपतील तशी राहू द्या.

झाडीपट्टी

गडचिरोलीहून लिहितोय. आमच्याकडे वैनगंगेच्या काठी मार्कंडा आहे, चामोर्शी तालुक्यात. तिथल्या मुख्य मंदिरावर वीज पडून शिखराचा भाग मंडपावर कोसळला आणि पुढे गोंड राजांच्या काळात आत जाड खांब देऊन तो सावरला, असं इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने १८७० च्या दशकातल्या पाहणीनंतर नोंदवलंय. म्हणजे एकाच मंडपात दोन काळांचे खांब, मूळचे नाजूक कोरीव आणि नंतरचे निव्वळ भार पेलणारे. एका फोटोत ही गोष्ट कळत नाही, गोंधळ वाटतो. तुकड्यांत करायचं तर जुन्या खांबाचे जवळून काढलेले पुष्कळ फोटो आणि नव्या खांबाचा एकच मोठा, असं करता येईल. वास्तूचा इतिहास प्रिंटच्या आकारातून सांगता येईल. तुमचं झालं की इकडे या, आपण मिळून करू.

वर्धाकाठची_रेणू

झाडीपट्टी दादांचा मुद्दा मोलाचा आहे. मला आमच्या सेवाग्रामची बापू कुटी आठवली. माती-बांबूची ती कुटी आधी गांधीजींच्या शिष्या मीराबेनची होती, गांधीजी नंतर तिथे राहायला आले. भिंतीवर मीराबेननी मातीतच उठावाने काढलेली ताडाची झाडं आणि चरखा आहे. खोली बुटकी, बसायची चटई, लिहायचं छोटं डेस्क, सगळं जमिनीलगत. उभं राहून फोटो काढला की ती खोली चुकीचीच दिसते. तिथे फोटो जमिनीवर बसून, बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरूनच घ्यायला हवेत. अर्थात आश्रमाच्या कार्यालयात आधी विचारूनच.

म्हणून ताई, लोणारला उंचीचं काय ठरवलंय? मुलांच्या डोळ्याची उंची की तुमच्या?

पैनगंगाकाठ

रेणू, हा प्रश्न फार कामाचा आहे. खांबांचे फोटो मुलं घेणार, त्यांच्याच उंचीवरून, पण एकाच जागी उभं राहून नाही. हॉकनीने १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका चौरस्त्याचं सातशेहून जास्त प्रिंटचं चित्र केलं. त्यात 'थांबा'चा फलक समोरून सरळ दिसावा म्हणून तो शिडीवर चढला होता. रस्त्यावरचा कचरासुद्धा जवळ जाऊन वरून टिपला. लांबून बघताना तो एकच देखावा वाटतो, पण त्यातली प्रत्येक वस्तू तिच्या जवळ जाऊन बघितलेली आहे. आपल्याकडच्या लघुचित्रांतही महालाचं अंगण वरून दिसतं आणि दार मात्र समोरून. मुलांना मी लघुचित्रांचीच उदाहरणं दाखवली, ती त्यांना लगेच कळली.

मंडपात शिडी नेणार नाही. छतासाठी मुलं फरशीवर उताणी झोपून फोटो काढतील, प्रत्येक शिल्पपटाच्या बरोबर खाली.

धुऱ्यावरचा

ताई, झोपायच्या आधी पुजाऱ्यायले सांगून ठेवा, अन् पाय गाभाऱ्याकडे होऊ देऊ नका मुलायचे. आणखी एक, दर्शनाले बायामाणसं येतात. कोणाचा चेहरा फोटोत आला तर विचारल्याशिवाय चित्रात लावू नका. आमच्या गावात यावरून बोलाचाली होतात.

पैनगंगाकाठ

नक्की, भाऊ. पुजाऱ्यांची परवानगी घेतली आहे. त्यांचा स्वतःचा वावर मात्र मला चित्रात हवाय, आणि ते तयार आहेत. दिवा लावताना, फुलं ठेवताना, दाराशी उभे, असे ते चित्रात तीन-चार ठिकाणी दिसतील. एकच माणूस अनेकदा दिसला की बघणाऱ्याला कळतं, हा एका क्षणाचा फोटो नाही, इथे वेळ गेलेला आहे.

खामगावचा_सुताऱ्या

मी लाकूडकाम करतो, पाठीच्या बोर्डाबद्दल सांगतो. चार बाय तीनचा बोर्ड सनबोर्डवर (फोमच्या हलक्या पाटीवर) केला तर एका पावसाळ्यात पोट काढेल. सहा एमएमचा प्लाय घ्या, मागून लाकडी पट्ट्यांची चौकट ठोका, म्हणजे वाकणार नाही. भिंतीला टेकवून लावू नका, मागे बोटभर हवा खेळू द्या. वाचनालयाच्या भिंतीला ओल असेल तर काचेत बंद केलेलं चित्र आतून बुरशी धरतं. काच लावायचीच असेल तर प्रिंटला चिकटू देऊ नका, मधे पट्टी घाला.

फेविकॉल नको. फोटोच्या कागदावर दोन्हीकडून प्लास्टिकचा थर असतो, पाणी शोषलं जात नाही, फुगे धरतात आणि कडा उठतात. दोन बाजूंनी चिकटणारी पट्टी वापरा, चारही कडांना आणि मधे एक.

स्टुडिओ_कारंजा

सुतारदादांशी सहमत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच होतं, चिकटवायची सुरुवात कुठून.

आधी सगळे प्रिंट शाळेच्या वर्गात फरशीवर नुसते मांडा, काही दिवस तसेच राहू द्या, वर्गाला कुलूप लावा. रोज जाऊन हलवा. मांडणी पक्की झाली की वरून एक फोटो काढा आणि प्रत्येक प्रिंटच्या मागे स्टिकर लावून ओळ आणि क्रमांक लिहा. पेन्सिल त्या कागदावर उमटत नाही आणि पेनची शाई पुढच्या प्रिंटला लागते.

चिकटवताना मागून पुढे या. सर्वांत आधी छत आणि मागच्या भिंतीचे अंधारे तुकडे, त्यांवर मागचे खांब, त्यांवर पुढचे, मग जमीन. कुठला कागद कुणाच्या वर आहे यावरच डोळा खोली धरतो. पुढच्या खांबावर मागच्या भिंतीचा कागद चढला की ती जागा एकदम सपाट होते. ताईंनी मूर्ती सर्वांत वर ठेवायचं ठरवलंय. ती असते सर्वांत मागे, पण कागद सर्वांत वर. त्यामुळे ती मंडपातून पुढे आल्यासारखी वाटेल. हे जाणूनबुजून करताय ना?

पैनगंगाकाठ

हो, जाणूनबुजून. आत गेल्यावर काही वेळाने मंडप मागे पडतो आणि मूर्ती जवळ येते, अंतर तेवढंच असूनही. कागदानेही तेच करावं.

नाना_देऊळगाव

बाई, आता माझ्या मनात किंतु नाही. प्लायचा आणि चौकटीचा खर्च मी देतो. वाचनालयात लावाल तेव्हा डोळ्याच्या उंचीपेक्षा खाली लावू नका, एवढंच.

नवखा_यवतमाळ

मध्येच विचारतो, ट्रायपॉड का वापरत नाही? अंधारात हात हलणार.

स्टुडिओ_कारंजा

दैत्यसूदन संरक्षित स्मारक आहे. २०१८ मध्ये पुरातत्त्व खात्याने मोजके अपवाद सोडून आपल्या स्मारकांत फोटो काढायची मोकळीक दिली, पण ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते. खांबाला पाठ टेकवा, कोपर छातीशी धरा, श्वास सोडून मग बटण दाबा. सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत हात स्थिर राहतो. शिल्पांना मात्र टेकायचं नाही, सपाट भाग बघून टेका. आणि मुलांना सांगा, प्रत्येक ओळ संपली की स्वतःच्या तळहाताचा एक फोटो काढायचा. नंतर कॉम्प्युटरवर कुठली ओळ कुठे संपली ते त्यावरून कळतं.

नवखा_यवतमाळ

तळहाताची युक्ती छान आहे. आभारी आहे.

धुऱ्यावरचा

ताई, सोयाबीनची सोंगणी आटोपली की मी मोकळा आहे. तुमी मुलायले घेऊन याल त्या दिवशी मी सकाळीच मंदिरापाशी थांबतो. दुपारचं जेवण आमच्या घरी, सगळ्यायचं. किती जण येऊन राहिले तेवढं आधी कळवा.

पैनगंगाकाठ

भाऊ, बावीस मुलं, मी आणि आमचे एक सर. मुलांचे डबे सोबत असतील, पण पिठलं-भाकर केलीत तर कुणी नाही म्हणणार नाही. फोटो काढून झाले की कच्ची मांडणी याच धाग्यावर टाकते. चिकटवायच्या आधी सगळ्यांनी सांधे बघून सांगा.